महिन्याच्या किराण्यावरून जेवणाचं गणित कसं बसवायचं?

मानेवाडा_रिंगरोड

घरात चार माणसं. आम्ही दोघं पन्नाशीचे, दोघांचंही बसून काम. आई ७४ वर्षांची, मुलगा १९ चा. आजार म्हणावा असा कोणाला नाही, पण आम्हा दोघांचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ५.९ आणि ६.० आलंय आणि माझा कंबरेचा घेर ९७ सेंमी आहे. डाएट प्लॅन नको, तो तीन आठवड्यांच्या वर कोणत्याच घरात टिकत नाही. पुढची वीस वर्षं निभेल असं साधं, बेताचं जेवण हवंय. पोळी-भाजी-वरण-भातच, फक्त प्रमाणात.

महिन्याची यादी देतो. कणिक २० किलो, तांदूळ १०, पोहे आणि रवा मिळून ४, तूर डाळ २, मोगर (मूगडाळ), चणा आणि बाकीच्या डाळी मिळून १, बेसन १, सोयाबीन तेलाची ५ लिटरची कॅन, तूप अर्धा किलो, साखर ५ किलो, मीठ १ किलो, शेव-फरसाण-चिवडा मिळून २ किलो. टोस्ट-खारी वेगळी. दूध रोज सव्वा लिटर. भाजी रोज अंदाजे ८०० ग्रॅम, त्यात निम्मे आलू.

विचारायचं आहे ते हे, की नेमकं काय आणि किती कमी करायचं? तेल कमी केलं की भाजी कढईला लागते, त्याचं काय? पोळीऐवजी ज्वारीची भाकर घेऊन खरंच फरक पडतो का? आणि रात्रीचं जेवण साडेनऊच्या आधी होतच नाही, मग काय करावं?

किराणावही

भाऊ, यादी दिलीत हे फार बरं केलं. "आम्ही तर बावा साधंच खातो" असं सगळेच म्हणतात. ताटात काय पडलं ते माणसाला संध्याकाळपर्यंत आठवत नाही, किराण्याच्या वहीत मात्र सगळं राहतं.

चार माणसं गुणिले तीस दिवस म्हणजे १२०. यादीतल्या प्रत्येक आकड्याला १२० नं भागा, की माणशी रोजचं निघतं. ते कशाशी ताडून बघायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरीचं दिवसाचं ताट दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, शेंगदाणे-तीळ-जवस वगैरे ३५, तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली. वजनं कच्च्याची आहेत, शिजलेल्याची नाहीत. इथेच बरेच जण फसतात आणि वाटीभर पातळ वरणाला ८५ ग्रॅम डाळ समजतात. एका वाटी पातळ वरणात कच्ची डाळ १५ ते २० ग्रॅमच असते.

आता तुमची वही. धान्य ३४ किलो, म्हणजे माणशी २८३ ग्रॅम. टोस्ट-खारी धरली तर ३०० च्या घरात. फार बिघडलेलं नाही. तेल ५ लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर, त्यात अर्धा किलो तूप, एकूण माणशी ४२ ग्रॅम. शिवाय शेव-फरसाणात तिसऱ्या हिश्श्याच्या वर तेलच असतं. दोन किलोमागे सहा-सातशे ग्रॅम धरा, की आकडा ४८ वर जातो. २७ च्या जागी ४८. रोजच्या १९० कॅलरी इथेच जास्त झाल्या आणि त्यानं पोट काही भरत नाही. साखर माणशी ४१ ग्रॅम; जागतिक आरोग्य संघटना जमल्यास २५ च्या आसपास थांबा म्हणते, आणि त्यात गूळ, मध, बिस्किटातली साखर सगळं आलं. मीठ ८ ग्रॅमच्या वर, हवं ५ च्या आत.

पण खरी गोम पुढे आहे. डाळी आणि बेसन मिळून चार किलो, म्हणजे माणशी ३३ ग्रॅम. भाजीतून आलू वजा केले तर उरली माणशी १०० ग्रॅम. आलू भाजी नाही, तो धान्याच्या रकान्यात लिहायचा. म्हणजे तुमच्या घरात खाणं जास्त होतं म्हणण्यापेक्षा ताटाचा तोल गेलाय म्हणा. डाळ निम्म्याहून कमी, भाजी चतकोर, आणि ती पोकळी पोळी-तेल-फरसाणानं भरून निघते.

म्हणून सुरुवात पोळी कमी करण्यापासून करू नका. नव्वद टक्के घरं तिथेच चुकतात असं माझं ठाम मत आहे. दुपारच्या चार पोळ्यांच्या दोन केल्या, बाकी ताट तसंच ठेवलं, की साडेपाचला पोटात कावळे ओरडतात आणि खारीचा डबा उघडतो. कमी केलेल्या दोन पोळ्यांच्या कॅलरी दहा मिनिटांत परत.

पहिल्या महिन्यात धान्याला हात लावू नका. डाळी-कडधान्यं ४ वरून ७ किलोवर न्या: तूर ३, मोगर १, बेसन १, बाकी दोन किलोत आख्खे मूग, बरबटी (चवळी), हरभरे, मटकी. भाजी रोज सव्वा किलो, आलू त्यात धरायचे नाहीत. तेल ४ लिटर, फरसाण अर्धा किलो. दुसऱ्या महिन्यात डाळी ९ ते १०, भाजी दीड किलोच्या वर, तेल ३ लिटर, साखर ३ किलो, आणि आता धान्य ३४ वरून २८-३० वर. तोवर ताटात जागाच उरलेली नसते, पोळी आपसूक सुटते. अंडी-मटण-मासे चालत असतील तर डाळीचा काही भाग त्यानं भरून निघतो.

मिठाचं सोपं: महिन्याला अर्ध्या किलोची पिशवी आणा. हिशोबानं ६०० ग्रॅम होतात, पण लोणचं, पापड, फरसाण यांतून उरलेलं येतंच.

एक लक्षात घ्या. हे ताट २००० कॅलरीचं आहे. बसून काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाची गरज २११० धरली आहे, ५५ किलोच्या बाईची १६६०. दोघांना सारखंच वाढलं तर वहिनींना रोज तीन-साडेतीनशे कॅलरी जास्त जातात. कमी करायचं ते धान्य आणि तेलातून, डाळ-भाजीतून नाही.

भाकरतुकडा

तेल आणि भाकर या दोन गोष्टींवर लिहितो.

आधी तेल जातं कुठे ते बघा. सगळे भाजीच्या फोडणीवर राग काढतात, खरा चोर पोळपाटावर असतो. दिवसाला १४ घडीच्या पोळ्या होत असतील, आत अर्धा चमचा आणि तव्यावर अर्धा चमचा लागत असेल, तर पोळीमागे एक छोटा चमचा, ५ मिली, साडेचार ग्रॅम. चौदा पोळ्यांचे ६३ ग्रॅम. चार माणसांचं दिवसाचं माप १०८ ग्रॅम, त्यातून तूप १७ ग्रॅम गेलं, राहिलं ९१ ग्रॅम, म्हणजे १०० मिली. त्यातले ६३ पोळीनंच संपवले तर दोन भाज्या आणि वरणाला उरतं काय? पोळीत आत पाव चमचा, तोही बोटानं पसरवून, आणि तव्यावर काही नाही. कणिक सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. घट्ट कणकेची पोळी तेलाशिवाय वातड होते, दोष कमी तेलाचा नसतो. भाजून झाल्यावर कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, वाफेनं मऊ राहते. गरम पोळी उघडी ताटात टाकली की तिचा पापड होतो.

रोज सकाळी १०० मिली तेल एका छोट्या स्टीलच्या बुधलीत काढून कॅन वर ठेवून द्या. संध्याकाळी बुधली रिकामी तर रिकामी. चमचे मोजण्याचा कंटाळा चौथ्या दिवशी येतो, बुधलीचा येत नाही.

आता भाजी लागण्याचं. दोन छोटे चमचे तेलात पाऊण किलो भाजी होते, पण कढई जाड बुडाची हवी. हिंडालियमची पातळ कढई आणि मोठा गॅस असेल तर चार चमचे टाकले तरी लागेल. कमी तेलात मोहरी तडतडत नाही, कारण ती तेलात बुडत नाही. कढई एका बाजूला कलती करा, तेल कडेला जमू द्या, त्या डबक्यात मोहरी टाका. तडतडली की जिरं, हिंग, मग कढई सरळ करून हळद-तिखट आणि लगेच भाजी. तिखट कमी तेलात दोन सेकंदांत करपतं, म्हणून भाजी चिरून हाताशी असू द्या. मीठ लगेच घाला. वांगी, दोडकं, कोहळं, पालेभाजी यांना मिठानं पाणी सुटतं. वर खोलगट झाकण ठेवून त्यात वाटीभर पाणी ओता. आतली वाफ त्या झाकणाला लागून थेंब होऊन परत भाजीत पडते. भाजीला पाणी लागलंच तर झाकणावरचं गरम पाणी घाला. थंड पाणी ओतलं तर भाजी दडस राहते.

कांदा-खोबऱ्याचा मसाला परतताना तेलाऐवजी चमचाभर गरम पाणी मारत राहा. कांद्याचा रंग येतो, वेळ पाच-सात मिनिटं जास्त लागतो. तर्री येणार नाही हे मात्र आधीच मान्य करा. तर्री म्हणजे वर आलेलं तेलच असतं. तर्री पोहे खायचे तर महिन्यातून दोनदा खा. सावजी रस्साही तसाच: वरची तर्री पळीनं बाजूला सारून खालचे पीस आणि थोडा रस्सा घेतला तर चव जात नाही.

भाकरीनं फरक पडतो, पण लोक समजतात तसा नाही. ज्वारीनं साखर वाढत नाही हे खोटं आहे. ७० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ५० ग्रॅमच्या जवळपास कर्बोदकं असतात, गव्हात साधारण तितकीच. फरक असा, की भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि एकीवरच थांबायला होतं. दोन पोळ्यांच्या जागी एक भाकर हा सौदा चांगला. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी खाल्ल्या तर उलट धान्य वाढलं.

पहिल्यांदा करणाऱ्यांची भाकर तुटते, आणि दोष हातापेक्षा पिठाचा जास्त असतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग ते चिकटून येत नाही आणि चवीला कडवट लागतं. दुकानातलं बंद पाकीट बहुतेक वेळा तसलंच निघतं. मालदांडी ज्वारी आणून एका वेळी दोन-तीन किलोच दळा, दहा-बारा दिवसांत संपवा. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर.

चार भाकरींना २५० ते २८० ग्रॅम पीठ. वजनाच्या पाऊणपट पाणी खळखळ उकळून पिठात ओता, उलथन्यानं ढवळून पाच मिनिटं झाका. मग परातीत घेऊन तळहाताच्या टाचेनं रगडा, हाताला पाणी लावत लावत, कडा न फाटता गोळा दबेल इतपत मऊ होईतो. सगळी कणिक एकदम मळून ठेवू नका, एका भाकरीपुरतीच मळा. थापून तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्या, तिच्यावर पाण्याचा हात फिरवा. पाणी ओलसर असतानाच उलटा. पूर्ण सुकू दिलं की भाकरीला तडे जातात आणि ती फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की थेट जाळावर. तवा पुरेसा तापलेला नसेल तर भाकर चिकटते, एवढंच.

वर्धारोड_प्रवासी

८५ ग्रॅम डाळ? रोज? आमच्याकडे दोन दिवस उसळ केली तर तिसऱ्या दिवशी सगळे पोट धरून बसतात. कागदावर सोपं आहे हो हे.

किराणावही

एकदम ३३ वरून ८५ वर उडी मारली तर होणारच. म्हणूनच वर दोन महिन्यांत न्या म्हटलं. गॅस होतो तो कडधान्यातल्या काही शर्करांमुळे. त्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जंतू त्यांना आंबवतात. यातला बराच भाग भिजवलेल्या पाण्यात उतरतो. तेव्हा आख्खी कडधान्यं ८-१० तास भिजवा आणि ते पाणी ओतून द्या, "सत्त्व जाईल" म्हणून भाजीत वापरू नका. तूर डाळसुद्धा अर्धा-पाऊण तास भिजवली तर कमी शिट्ट्यांत गळते. अर्धवट शिजलेली डाळ पोटाला सगळ्यात वाईट. बोटांनी दाबली की लगदा झाला पाहिजे.

नागपूरच्या मे महिन्यात मात्र मटकी दहा तास भिजवून रात्रभर बांधून ठेवली तर सकाळी आंबूस वास मारते. सहा तास भिजवा, बांधल्यावर दर चार-पाच तासांनी पाण्यातून काढा, बारीक मोड दिसले की फ्रिजमध्ये.

सुरुवात मोगरापासून करा, पचायला तो हलका. दोन आठवड्यांनी बरबटी, मग हरभरे. डाळ फक्त वाटीतूनच गेली पाहिजे असंही नाही. पालक-मेथी-अंबाडीची डाळभाजी, कोरडा झुणका, आंबट चुक्याची डाळ, भाज्या घालून मोगराचे धिरडे. थंडीत तुरीचे सोले, ओला हरभरा, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा येतात. ओल्या दाण्यात पाणी जास्त असतं म्हणून माप अडीचपट धरायचं. झुणक्याला तेल फार लागतं अशी तक्रार असते. बेसन आधी कोरडंच मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा, खमंग वास आला की काढा, मग कमी तेलाच्या फोडणीत कांदा परतून ते घाला आणि पाण्याचे हबके मारा. कच्चं बेसन थेट टाकलं की ते तेल मागतच राहतं.

पथ्यपाणी

वरची गणितं बरोबर आहेत. मी वेळ, भूक आणि काळजी यावर बोलतो.

रात्रीचं साडेनऊचं जेवण टळत नसेल तर त्याचे दोन तुकडे करा. साडेसहा-सातला खरं खाणं: वाटीभर उसळ किंवा एक धिरडं, नाहीतर मूठभर फुटाणे आणि एक संत्रं. मूठभर फुटाणे म्हणजे ३० ग्रॅम. मग साडेनऊला एक भाकर, भाजी, ताक, बस. भात रात्री खाऊ नये असं काही नाही, पण रात्री भात आणि पोळी दोन्ही नको, एकच काहीतरी. झोपण्याआधी दोन तास तरी मोकळे हवेत. छातीत जळजळ होणाऱ्यांची अर्धी तक्रार तिथेच संपते.

ताटात आधी भाजी-कोशिंबीर आणि डाळ, नंतर पोळी, शेवटी भात. हाच क्रम ठेवला तर तेवढ्याच जेवणानंतर साखर कमी उसळते. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. अंबाझरी तलावावर जायलाच हवं असं नाही, गच्चीवर किंवा गल्लीत चालतं. कॅलरी जाळायचा हिशोब इथे करू नका, चालण्याचं काम वेगळं आहे. आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम वेगळा धरायचा.

"दोन घास कमी" कसे ओळखायचे हा प्रश्न नेहमी येतो. पोट भरल्याचा निरोप डोक्याला पोचायला १५-२० मिनिटं लागतात. सात मिनिटांत ताट साफ करणाऱ्याला तो निरोप जेवण संपल्यावर मिळतो, तोवर दोन पोळ्या जास्त गेलेल्या. ढेकर ही खूण धरू नका, ढेकर गिळलेल्या हवेचा असतो. टीव्ही बंद, पातेली ओट्यावर, आणि वाढून एकदाच. दुसऱ्यांदा घ्यायचं तर दहा मिनिटं थांबून. भूक खरी असेल तर दहा मिनिटांनी डाळसुद्धा गोड लागते. फक्त शेवच हवीशी वाटली तर भूक नव्हे, चळ.

आता काळजी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या कोणी हे वाचून धान्य कमी करू नये. काही गोळ्या आणि इन्सुलिन जेवणाच्या हिशोबानं ठरलेली असतात. जेवण घटलं आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. आधी डॉक्टरांना सांगा. तुम्ही दोघं ५.७ ते ६.४ या मधल्या पट्ट्यात आहात, गोळ्या नसतील तर हरकत नाही. एचबीए१सी तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे महिन्याभरात पुन्हा तपासून निराश होऊ नका.

कंबर मोजताना टेप बेंबीवर नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायांना ८० ही मर्यादा धरतात. महिन्याला एक-दोन किलो वजन उतरलं तर पुष्कळ झालं.

आईंच्या ताटातून काहीही कमी करायचं नाही. सत्तरीनंतर स्नायू झपाट्यानं उतरतात, त्यांना उलट वजनाच्या किलोमागे १ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. ५० किलो वजन असेल तर ५० ग्रॅम. घट्ट वरण दोन वाट्या, दही वाटीभर, दूध, मऊ खिचडीत डाळ-तांदूळ बरोबरीनं. किडनीचा त्रास असेल तर हे माप डॉक्टर ठरवतील. न प्रयत्न करता त्यांचं वजन उतरत असेल तर ते चांगलं लक्षण समजू नका, तपासा. घर शाकाहारी असेल तर सगळ्यांचंच बी१२ एकदा बघून घ्या.

मानेवाडा_रिंगरोड

सगळ्यांचे आभार. तीन गोष्टी राहिल्या. दोनच वेळा जेवायची पद्धत सध्या सगळीकडे ऐकू येते, ती धरावी का? उपवास सोमवार आणि चतुर्थी असतात. आणि उन्हाळ्यात दुपारी कोणाला जेवणच जात नाही, मग संध्याकाळी समोसे येतात.

पथ्यपाणी

दोन वेळा जेवून ज्यांचं एकूण खाणं कमी होतं त्यांना फायदा होतो. ज्यांचं दोन वेळांत तीन वेळांचं जातं त्यांना नाही. तुमच्याकडे आधी डाळ-भाजी वाढवायची आहे, आणि ८५ ग्रॅम डाळ दोन बैठकांत बसवणं जड जाईल. आईंना आणि मुलाला तर मुळीच नको.

उपवासाचं काय सांगू. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर निव्वळ स्टार्च आणि प्रथिनं नावाला. त्यात आलू, तूप, वर शेंगदाण्याचं कूट. महिन्यात सहा उपवास असले तर सहा दिवस सगळ्यात जड जेवण. भगर आणि दाण्याची आमटी, ताक, काकडी, फळ एवढ्यावर भागवा. साबुदाणा घालायचाच तर माणशी ४० ग्रॅम कोरडा. भगरीचंही माप ५०-६० ग्रॅमच, ती फुगून ताटभर दिसते.

उन्हाळी_कूलर

उन्हाळ्याचं मी सांगतो. ४४-४५ अंशांत भूक मरणारच, तिच्याशी भांडू नका. जेवणच उलटं फिरवा. सकाळी नऊच्या आत पोटभर जेवण, म्हणजे पोळी, भाजी, घट्ट वरण. दुपारी आंबील किंवा दही-भात आणि कांदा-काकडी. संध्याकाळी सहाला कडधान्य. समोसे येतात ते दुपार रिकामी गेली म्हणून.

आंबील चौघांची: ज्वारीचं पीठ ४ मोठे चमचे, साधारण ४० ग्रॅम, वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवा. थंडीत रात्रभर, मे महिन्यात चार-पाच तास पुरे, नाहीतर इतकी आंबते की कोणी पीत नाही. तीन मोठ्या वाट्या पाणी उकळून त्यात हे कालवण धार धरून ओता, हात थांबू देऊ नका, थांबला की गुठळ्या. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. कच्च्या पिठाचा वास गेला की उतरवा, गार झाल्यावर थोडं ताक, जिऱ्याची पूड, सांभार (कोथिंबीर). ४० ग्रॅम पीठ चौघांत म्हणजे जेवण नव्हे हे लक्षात असू द्या. सोबत भिजवलेली मुगाची डाळ वाटीभर, लिंबू पिळून.

मिठाबाबत एक गैरसमज इथे पक्का बसलाय, की ऊन आहे म्हणून ताकात, पन्ह्यात, काकडीवर मीठ जास्त घ्यायचं. दिवसभर रस्त्यावर, बांधकामावर घाम गाळणाऱ्याला ते लागतं. कूलरपुढे बसणाऱ्याला नाही, त्याचं ५ ग्रॅमचं माप उन्हाळ्यातही तेच. कमी सोडियमचं मीठ आणून प्रश्न सोडवायला जाल तर त्यात पोटॅशियम असतं; किडनीचा आजार किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या असणाऱ्यांना ते चालत नाही. आईंना गोळी चालू असेल तर विचारूनच.

पन्ह्यात गूळ ग्लासला दोन चमच्यांच्या वर नको. थंड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते, दिवसाचा कोटा एका बाटलीत खलास. आणि संत्र्याचा मोसम आला की रस काढत बसू नका. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात, चोथा टाकून दिला जातो आणि ती साखर दोन मिनिटांत पोटात. एक आख्खं संत्रं सोलून खायला पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यावर भागतं.

मानेवाडा_रिंगरोड

शेवटचं एक. सगळे वाटी वाटी म्हणताय. आमच्याकडे तीन आकारांच्या वाट्या आहेत. कोणती धरू?

किराणावही

हे आधीच विचारायला हवं होतं, चूक आमची. १५० मिलीची धरा. औषधाच्या बाटलीसोबत येणाऱ्या मापानं पाणी घालून बघा, किंवा किचनचा वजनकाटा असेल तर वाटी ठेवून शून्य करा आणि १५० ग्रॅम पाणी ओता. जी वाटी काठापासून बोटभर खाली भरेल ती जेवणाची, तशा चार वेगळ्या काढून ठेवा. काटा बाहेर आहेच तर कणकेचे पाच गोळेही तोलून टाका. ३५ ग्रॅम पिठाचा गोळा ५५ ग्रॅमच्या आसपास भरतो. आपल्याकडच्या घडीच्या पोळीचा गोळा बहुतेक वेळा ७० च्या वर निघतो, म्हणजे "मी तीनच पोळ्या खातो" म्हणणारा चार खात असतो.